आवळलेली बाही

आमच्या ह्यांच्या वागण्याला काय म्हणावं तेच कळत नाही. गेल्या साली कमरेला नागीण झाली, तेव्हा दीड महिना घर डोक्यावर घेतलं होतं. सदरा नुसता अंगाला लागला तरी विव्हळायचे. त्यात कुणीतरी सांगितलं, नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस संपला. डॉक्टर हसले, पण हा शिंपी रोज सकाळी टेप लावून आपली कंबर मोजायचा. सगळी जागरणं मी काढली.

बरे झाल्यावर डॉक्टर म्हणाले, नागीण पुन्हा होऊ शकते, दोघंही लस घ्या. दवाखान्यात गेलो तर हे म्हणतात, "आधी तू घे, मी बघतो."

मी घेतली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

मग ह्यांची पाळी आली, तर सदऱ्याची बाही कोपराच्या वर जाईना. नर्सबाई म्हणाली, "आजोबा, सदराच काढा."

"बायामाणसांसमोर मी सदरा काढत नाही," हे म्हणाले. "राहू दे, पुन्हा कधीतरी येऊ."

मी बाही धरून उलटी केली. आतला दोरा कोरा करकरीत होता. सकाळी माझी अंघोळ होईपर्यंत ह्यांनी मशीनवर बसून बाही आवळून घेतली होती.

मी केसातली पिन काढली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत शिवण उसवली.

 

"आणा तो दंड इकडे. चाळीस वर्षं गिऱ्हाइकं तुमचं शिवलेलं परत आणतात, ते उसवतं कोण?"