कोरे अंगठे

“अंगठा कोरा असला तरी जागा तेवढीच खातो ना? काढून टाक ती नावं,” अंबिकाच्या खुर्चीमागे उभे राहून धायगुडे सर म्हणाले.

रेशनच्या डेटाबेसमध्ये प्रत्येकाच्या अंगठ्यासाठी, ठसा असो वा नसो, सारखीच ठरलेली जागा होती. सर्व्हर भरत आला होता आणि जागा वाचवायचं काम अंबिकाकडे होतं. चार हजार नावांपुढे ठशाच्या जागी नुसती शून्यं भरलेली होती.

“पण सर, माणसं खरी असली तर?”

“खऱ्या माणसाचा अंगठा उठत नाही होय? बोगस आहेत सगळी.”

काढण्याआधी तिने सवयीने यादी पत्त्यानुसार लावली. निम्म्याहून जास्त नावं विडी कामगारांच्या एकाच वसाहतीतली निघाली. सगळ्या बायका. तिथेच ती लहानाची मोठी झाली होती.

तिने तिथूनच फोन लावला. “आई, रेशनला तुझा अंगठा उठतो का गं?”

“कुठला उठतोय! चाळीस वर्षं विड्या वळून बोटं पार गुळगुळीत झालीत. यादीत नाव आहे म्हणून दुकानदार देतो धान्य. का गं?”

“काही नाही. जेवलीस का?”

फोन ठेवून तिने आईचं नाव शोधलं. पुढे ओळीने शून्यं होती. तिने स्क्रीन सरांकडे वळवला.

“ही कोण?” सरांनी विचारलं.

“माझी आई. सर, ह्याच अंगठ्याने मला या खुर्चीत बसवलंय.”