काळ्या दोऱ्यातला पेनड्राइव्ह

"गळ्यातलं थे कधी काढता का नाई?" चंदानं विचारलं तेव्हा इस्तारी जाळं खांद्यावर टाकून तलावाकडे निघालाच होता.

"पाण्यात उतरताना काढतो."

"अन् झोपताना?"

"झोपताना काऊन काढू? रिंकूले अचानक दुखलं, त कुठी शोधत बसू?"

उत्तर चोख होतं. पण चोख उत्तरानं कोण्या बायकोचा संशय मिटला आहे? उलट तो बाळसं धरतो.

बोटाएवढा निळा पेनड्राइव्ह. इस्तारीनं तो काळ्या दोऱ्यात ओवून ताइतासारखा गळ्यात बांधला होता. रिंकूला सिकलची, रक्तातली बिमारी. हातपाय दुखायला लागले की पोर तडफडायची. मग कधी सिंदेवाही, कधी चंद्रपूर. जो दवाखाना उघडा मिळेल तो. म्हणून गावात रक्ततपासणीचं शिबिर घेणाऱ्या दवाखान्यानं घरातल्या तिघांचे रिपोर्ट त्यात भरून दिले होते. कोणत्याही डॉक्टरच्या कॉम्प्युटरला लावा, सारं समोर हजर.

भरून देणारीचं नाव दामिनी. चंद्रपूरची, शिकलेली, हसली की गालाला खळी. चंदाचं दुखणं इथून सुरू होत होतं.

तपासणीला इस्तारी रिंकूला घेऊन एकटाच जाई. "तू काऊन येतं? घर पाह्य," एवढंच म्हणे. परत आल्यावर चंदा पोरीला भाकर वाढता वाढता खोदून घेई.

"दामिनीताईनं बिस्किट देल्लं," एकदा रिंकू म्हणाली. "मंग बाबा अन् ताई बाहेर जाऊन बोलले."

"काय बोलले?"

"मले नाई ऐकू आलं. आखरीले बाबा म्हने, घरी नका सांगू."

चंदाची तव्यावरची भाकर करपली.

वाईट याचं वाटे की नवरा तसा सोन्यासारखा. शिबिरात नर्सबाईनं साऱ्यांना रंगांनी समजावलं होतं. बिमारी असली तर लाल कागद. बिमारी नाही, पण रक्तात अंश आहे, तर पिवळा. काहीच नाही, तर पांढरा. "मायबाप दोघंही पिवळे असले तरच लेकरू लाल होते. एकट्या पिवळ्यानं होत नाई," असंही तिनं दोनदा बजावलं होतं. रिंकूचा कागद लाल आला, चंदाचा पिवळा. सासूनं तिथंच, चारचौघांत तोंड सोडलं, "पाह्यलं? हिच्याच माहेरचं इख हाय!"

तेवढ्यात इस्तारी डॉक्टरच्या खोलीतून बाहेर आला. आपला कागद घडी करून खिशात घालत म्हणाला, "माय, मीबी पिवळाच हावो. आता बस कर."

सासूचं तोंड जे बंद झालं ते झालंच. त्या दिवशी चंदाला नवरा जेवढा आवडला, तेवढा लग्नातही आवडला नव्हता. असा माणूस दुसऱ्या बाईला वाटून द्यायचा?

भाकर करपली त्या संध्याकाळी तिनं भांडण काढलं. तिचं भांडण कुठूनही निघो, शेवटी वरोऱ्यालाच पोचे. रिंकू व्हायच्या आधी एक अख्खा कापसाचा हंगाम इस्तारी तिथं जिनिंगमध्ये कामाला होता.

"वरोऱ्यालेबी असीच कोणी ठेवली असन!"

"वरोऱ्याचं नको काढू, चंदा," तो हळूच म्हणाला. "मी काढलं का कधी?"

"तुमी काय काढान? गेले त तुमी होते!"

 इस्तारी जाळ्याची तुटलेली गाठ बांधत बसला. तो गप्प बसला म्हणजे आपण जिंकलो, असाच चंदाचा हिशेब असे.

दुसऱ्या दिवशी ती शिदोरी घेऊन तलावावर गेली. इस्तारी छातीभर पाण्यात, पाठमोरा. काठावर मोहाच्या फांदीला सदरा टांगलेला, आणि सदऱ्याच्या खिशात काळा दोरा. चंदानं शिदोरी ठेवली, दोरा उचलला आणि मिळेल त्या काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेत सिंदेवाही गाठली.

फोटोच्या दुकानातल्या निकेशनं पेनड्राइव्ह लावला.

"त्या बाईचे फोटो असतीन," चंदा दातओठ खात म्हणाली. "सारे दाखव मले."

निकेशनं वरखाली पाहिलं. "वहिनी, फोटो एकबी नाई ह्यात. नुसते तीन कागद हाएत, दवाखान्याचे."

चंदाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला एकदम हसूच आलं. बिचारा माणूस! उगाच करपलेली भाकर खाऊ घातली त्याला.

"आता काढलेच हाएत त दाखव," ती स्टुलावर ऐसपैस बसत म्हणाली.

"हे रिंकूचं. लाल."

"हो."

"हे तुमचं. पिवळं."

"माहीत हाय. अन् तिसरं यायचंबी पिवळंच."

"नाई, हे पांढरं हाय."

"दुसऱ्याचं असन. नीट पाह्य."

"नाव इस्तारीभाऊचंच हाय ना. तारीख त्याच शिबिराची. लिहून हाय, कोणताच दोष नाई." निकेश खुशीत तिच्याकडे वळला. "बेस झालं ना, वहिनी! भाऊच्या रक्तात काहीच नाई."

चंदा स्टुलावरून उठली. मग तिनं हात पुढं करून काळा दोरा मागितला.

"बंद कर," ती म्हणाली. "अन् घरी नको सांगू."