दीपस्तंभाची धून

"ही धून ओळखणारा एक माणूस दाखव मला," असं म्हणत कात्रीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"कोणी ओळखत नाही म्हणूनच घ्यायची," ती म्हणाली. "ओळखीच्या वाजवून वाजवून लोकांच्या कानांना घट्टे पडलेत."

कात्री हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. जुन्या कॉम्प्युटर गेममधलं संगीत नव्याने बसवून त्याचे रिमिक्स अल्बम काढायचे, हा त्यांच्या कंपनीचा धंदा. कुठली धून ठेवायची आणि कुठली उडवायची, हे तो ठरवायचा. ती तिथली संगीत संयोजक. अल्बममधलं निम्मं काम तिच्या हातचं असायचं. भांडणं सगळीच्या सगळी.

भांडणाचं मूळ एकच. 'दीपस्तंभ' नावाचा एक गेम कधीकाळी आला आणि कोणाला कळायच्या आत गेलाही. त्याची धून तिच्या दादाची. दर अल्बमला ती ही धून पुढे करायची आणि दर वेळी कात्री ती बाजूला सारायचा. रॉकेटवाल्या गेमची धून मात्र प्रत्येक अल्बममध्ये हवीच. ती नसली की म्हणे लोक अल्बम हातात घेत नाहीत.

यंदा ती मागे हटणार नव्हती. दादाचा एक कान गेला होता आणि दुसराही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढचा अल्बम निघेपर्यंत त्याला काही ऐकू येईल याची खात्री नव्हती. उभ्या आयुष्यात त्याच्या नावावर ही एवढी एकच धून. ती चार लोकांनी ऐकावी, कव्हरवर त्याचं नाव असावं आणि हे सगळं त्याचा कान शाबूत असताना व्हावं, यापलीकडे तिला काही नको होतं.

"'दीपस्तंभ'च्या वेळी तुम्ही आणि दादा एका खोलीत काम करायचात," ती म्हणाली. "एका टेबलावर जेवलात. त्याची तरी चाड ठेवा."

"ठेवतोय म्हणूनच सांगतो. राहू दे ती."

"राहू दे? त्याचं नाव होईल, हे बघवत नाही तुम्हाला. स्वतःला एक ओळ कधी सुचली नाही, म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या सुरांवर जगताय!"

शेजारच्या टेबलावरचं टाइपिंग थांबलं. कात्रीचे कान लालबुंद झाले, पण आवाज चढला नाही.

"धून अर्धीच आहे," तो म्हणाला. "गेमच्या मेमरीत मावली तेवढीच. संपायच्या आत पहिल्यापासून सुरू होते."

"त्या काळच्या सगळ्याच तशा आहेत. उरलेलं मी रचते. त्याचेच तर पैसे देता मला."

तिने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला आणि आपलं काम लावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. तिने जोडलेला भाग सुरू झाला तसं त्याचं तोंड वाकडं झालं.

"चुकलं. इथे वर नाही चढायचं, खाली उतरायचं."

आणि शेजारचा कीबोर्ड ओढून त्याने एका हाताने पुढचं वाजवून दाखवलं, पार शेवटपर्यंत.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धून घ्यायची नाही ती नाहीच, वर शिकवायचं! त्याहून जास्त राग आला तो याचा, की त्याचं बरोबर होतं. तिचा भाग त्यापुढे ठिगळ वाटायला लागला. इतकी वर्षं लोकांची कामं कापताना तेवढा तरी हात बसला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

"घेणार आहात की नाही? नसाल घेणार तर रॉकेटही मिळणार नाही. माझं सगळं काम उचलून मी आत्ता चालू पडते."

ती बोलली तसं करणारी होती, हे त्याला माहीत होतं.

"घेतो," तो म्हणाला. "पण संगीतकाराचं नाव कशाला? नुसतं गेमचं नाव टाकू."

"दादाचंच नाव पडेल. आणि आत्ता, माझ्यासमोर टाइप करायचं."

त्याने टाइप केलं. दोन शब्दांचं नाव, पण कीबोर्डवर अक्षरंच सापडत नसल्यासारखा वेळ लागला.

"झालं समाधान?"

"नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही तुमचं," ती म्हणाली आणि दार आपटून आपल्या खोलीत गेली. रागारागातच तिने आपला भाग काढून त्याने वाजवलेला जोडला. चांगलं ते चांगलं, मग ते कोणाचं का असेना.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दादा ओट्याशी बटाटे सोलत होता. तिने त्याच्या चांगल्या कानावर हेडफोन दाबला आणि ओरडून सांगितलं, "घेतली तुझी धून! कात्रीला नमवलं आज!"

"कशाला उगाच," तो पुटपुटला आणि सोलत राहिला. मग त्याचा हात थांबला.

"हे पुढचं कोणी दिलं तुला?"

"मी रचलं."

"खरं सांग."

"त्यानेच वाजवलं, आगाऊपणाने. सुचलं असेल."

"सुचलेलं नाही ते," दादा म्हणाला. "होतंच. मावेना म्हणून मी कापलं होतं. कोणी कधी ऐकलंच नाही ते."

"मग त्याला कसं माहीत?"

दादाने सुरी खाली ठेवली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "धून त्याची आहे. तो आजारी पडून घरी होता, तेव्हा मी माझं नाव लावून गेमसाठी देऊन टाकली. इतक्या वर्षांत त्याने कोणाला एका शब्दाने सांगितलं नाही. आणि तू आज त्याच्याच हाताने तिच्यावर माझं नाव घालून आलीस."