रोज एकच चौकोन

“एकच उरलाय,” साहेब म्हणाले. “तो कोण आहे आणि कशासाठी घेतो, एवढं विचारा. म्हणजे अहवाल पाठवून मी मोकळा.”

साहेबांना मोकळं व्हायचं होतं. तिला त्यांच्याहून जास्त.

तिच्या विभागाकडे साऱ्या जगाच्या जमिनीची उंची होती. जगाचे चौकोन पाडलेले, आणि कुठे डोंगर किती उंच, कुठे दरी किती खोल, ते प्रत्येक चौकोनात आकड्यांनी भरलेलं. कुणीही यावं आणि इंटरनेटवरून हवा तो चौकोन फुकट उतरवून घ्यावा. एके काळी नुसती झुंबड असायची. पुराचं पाणी कुठवर चढेल ते पाहणारे इंजिनिअर यायचे, मोबाइलचे टॉवर उभारणारे यायचे, पक्ष्यांच्या मागे देशोदेशी फिरणारे अभ्यासक यायचे. मग कुणीतरी याहून बारीक माहिती तयार केली आणि सगळे तिकडे पांगले. आता वरून हुकूम आला होता. कोण वापरतं, का वापरतं, ते शोधा. कुणालाच गरज नसेल तर विभागाला कुलूप लावा आणि माणसांना ज्याच्या त्याच्या गावच्या कचेरीत पाठवा.

ज्याच्या त्याच्या गावच्या! हे वाचल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गावी बाबा एकटे होते. आपण होऊन बदली मागायला तिची जीभ रेटत नव्हती, कारण ‘माझी पोरगी अख्ख्या जगाची उंची मोजते’ हे ते भेटेल त्याला ऐकवत. त्यांचा तो तोरा आपल्याच हातानं कसा उतरवायचा? शिवाय त्यांनी एकदाही ‘ये’ म्हटलं नव्हतं. त्यांना कमी ऐकू येई. फोनवर तर सगळे आवाज त्यांना सारखेच. ‘नोकरी नीट आहे ना? मग झालं,’ असं आपलंच बोलून ते फोन ठेवत. विभाग बंद पडायची चिन्हं दिसू लागली, तेव्हा तिनं मोठ्या आशेनं त्यांना ओरडून सांगितलं होतं, “बाबा, आमची माहिती कुणी वापरतच नाही. बंद करणार म्हणतात!” ‘मग ये की घरी,’ एवढंच तिला ऐकायचं होतं. “छे! असं कसं बंद करतील?” म्हणत त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी ती खूप रडली.

म्हणजे आता कुलपाचाच काय तो आधार. आणि नेमका हा टिकोजीराव आडवा आला. रोज सकाळी न चुकता एकच चौकोन उतरवून घ्यायचा. तो चौकोनही तिच्या कचेरीच्या ह्याच शहराचा.

“बिल्डर असेल,” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

“जमीन काय रोज उंच होते का गं?” ती वैतागून म्हणाली.

गेल्या मंगळवारी तेवढा तो सकाळी फिरकला नाही. दुपार कलली तरी पत्ता नाही. तिनं मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. पुस्तकं कुणाला द्यायची तेही ठरवून टाकलं. आणि संध्याकाळी, ती पर्स उचलत असताना, त्यानं चौकोन उतरवून घेतला. मेल्या, तुझं मी काय घोडं मारलंय, असं तिला झालं.

तिनं नंबर फिरवला. नियमाप्रमाणे वापरणाऱ्याचं नाव-गाव तिला दिसत नसे, फक्त नंबर. कुठलंसं ग्रंथालय निघालं. फोन तिथल्या बाईंनी घेतला.

“हो, हो, एक काका घेतात आमच्या कॉम्प्युटरवर,” बाई हसल्या. “मी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. ती फाइल आमच्याकडे उघडतसुद्धा नाही हो. मी म्हटलं, काका, उघडत नाही तर घेता कशाला? तर म्हणतात, उघडायचीय कुणाला, नुसती घ्यायचीय. थांबा, इथंच आहेत ते. जरा मोठ्यानं बोला हं. काका, त्या नकाशावाल्या कचेरीतून फोन आहे!”

“हॅलो! साहेब, तेवढं बंद करू नका!” फोनमध्ये कुणीतरी ओरडलं. “मी घेतो की रोज! माझी पोरगी आहे तिथं. अख्ख्या जगाची उंची मोजते!”

‘बाबा’ म्हणायचं होतं, ते ओठांवर येईना. आली ती नेहमीची कचेरीतली भाषा.

“पण तिनं घरी यावं, असं तुम्हाला वाटत नाही?” तिनं मोठ्यानं विचारलं.



“रोज वाटतं,” ते म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. “मंगळवारी मुद्दाम आलोच नाही इथं. म्हटलं, पडू दे बंद, येईल पोर घरी. दिवसभर तिची खोली झाडत बसलो. मग माझी मलाच लाज वाटली. तिच्या जिवाभावाचं काम ते, मी एकटा पडलो म्हणून बुडवायचं? तसाच पळत आलो. बाई दाराला कुलूप लावत होत्या.”

साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले होते. “कोण आहे? काय म्हणतोय?”

तिनं त्यांना हातानंच थांबवलं. फोन तोंडाजवळ धरला आणि कचेरीतल्या सगळ्यांनी माना वळवाव्यात इतक्या मोठ्यानं ओरडली,

“बाबा, उद्या ग्रंथालयात जाऊ नका! खोली झाडून ठेवा!”