आखणीची सीडी

समजा, मुलांनो, तुम्ही जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात बसला आहात. रंगवलेल्या मूर्तींचे डोळे आखायचे राहिलेत. उद्या त्या न्यायला टेम्पो येणार आहे. कारखाना मनालीच्या बाबांचा. तिचे आजोबा गेल्यापासून बाबा टीव्हीवर आजोबांच्या शिकवणीची सीडी लावूनच डोळे आखतात; त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय हात चालत नाही. आज उजवा डोळा झाला आणि पडद्यावरचं चित्र थिजलं. बाबांनी सीडी पुसून पुन्हा लावली. तिथंच थांबली. उजेडात धरली, तर दमट हवेनं चंदेरी थर जागोजागी सुटलेला. “दुसरी कॉपी हाय?” कारागिरानं विचारलं. “नाय.” बाबा कुंचला धरून नुसते बसून राहिले. टोकावरचा रंग सुकला. “घरी जा गो, मने,” बाबा म्हणाले. मनाली गेली नाही. दरवर्षी तीही शेजारी बसून ती सीडी ऐकायची. मूर्तीजवळ येऊन ती आजोबांच्या ठेक्यात पुढचं बोलू लागली: “श्वास रोख, पोरा. डावा डोळा उघड.”