न फुगवलेली शीर

बायपाससाठी पायातून काढलेली शीर वाटीत आखडून बारीक झाली होती. सरांनी ती चिमट्याने उचलून दिव्याखाली धरली आणि दुसरा हात सिस्टरपुढे केला.

"सिरिंज."

सिस्टरने सवयीने शीर फुगवायला सलाइन भरलेली सिरिंज हातात ठेवली.

"सर, नको," समोरून त्यांच्याच हाताखाली तयार झालेली सर्जन म्हणाली. शीर तिने काढली होती, भोवतीच्या चरबीसकट, न सोलता. "फुगवायची नाही असं सकाळी ठरलंय. तुम्हीच हो म्हणालात."

"सकाळी ही पायात होती. आता बघ, शीर आहे की बुटाची नाडी? आणि न फुगवता गळती कुठे आहे ते कसं कळणार?"

"जोडल्यावर रक्तच दाखवेल."

"रक्त दाखवतं तेव्हा उशीर झालेला असतो, पोरी."

"दाबाने आतलं अस्तर सोलवटतं, सर. आज उघडते, पुढे बुजते."

"माझ्या फुगवलेल्या शिरा वीस-वीस वर्षं चालल्यात. लोक नातवंडांना घेऊन भेटायला येतात."

"ज्यांच्या चालल्या, ते भेटायला येतात." तिने उघड्या छातीकडे पाहिलं. धडधडत्या हृदयावर सरांनीच पूर्वी जोडलेली शीर होती. पिवळी, कडक, बुजलेली. "हे टेबलावर आलेत."

सिस्टरने मान खाली घातली. डाव्या पायातली शीर त्या पहिल्या ऑपरेशनमध्येच वापरून झाली होती. उजव्यातली ही शेवटची.

"प्रेशर उतरतंय," पडद्याआडून भूलतज्ज्ञ म्हणाला. "भांडण अर्धं राहिलं तर चालेल. पेशंट नको."

सरांचा अंगठा सिरिंजच्या दट्ट्यावर होता. तो उचलायला त्यांना वेळ लागला.

"धर," ते म्हणाले. "फुटली तर..."

तिने धरली, सरांनी शिवली. खालचं टोक हृदयावरच्या धमनीला, वरचं मुख्य धमनीला. मग रक्त अडवून धरलेला चिमटा सोडला.

रक्त शिरलं. शीर होती तेवढीच राहिली. भूलतज्ज्ञाने प्रेशरचा एक आकडा सांगितला, मग त्याहून खालचा. मग चरबीच्या आवरणात शीर वरून खाली भरू लागली, आणि मध्येच रक्ताची बारीक चिळकांडी उडाली.

शिरेची एक बारीक फांदी तिच्याकडून बांधायची राहून गेली होती. ती हलायच्या आत सरांचं बोट तिथे पोचलं.

"टाका घाल. घाई नको."

तिने टाका घातला, गाठ मारली, दोरा कापला. आकडा वर चढू लागला.

"सर, झालं. बोट काढा."

"थांब जरा," सर म्हणाले.

त्यांच्या बोटाखाली शीर उडत होती.