सावकाश

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून वृंदा भिंतीवरच्या स्क्रीनकडे पाहत होती. आतल्या पेशंटांची नावं तिथं दिसत. त्यात पप्पांचंही होतं.

"नाव उजवीकडे सरकलं की समजायचं, वॉर्डात हलवलं," शेजारच्या आजी म्हणाल्या. त्यांचे यजमान बरेच दिवस आत होते. "आणि जागच्या जागी पुसट व्हायला लागलं, की संपलं गं. डॉक्टर मागाहून येतात सांगायला."

वृंदानं पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. ही स्क्रीन तिच्याच कंपनीनं बनवली होती आणि कुठलं नाव कसं हलेल, याचे नियम तिनंच घातले होते. यादीतून काढलेलं नाव झटकन गायब करायचं नाही, असं तिनं मीटिंगमध्ये ठणकावलं होतं. "लोक दचकतात. सावकाश विरू दे." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. या बाकांवर बसून ते कोण बघणार, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

आजींनी तिचा हात गच्च धरला. पप्पांचं नाव फिकट व्हायला लागलं होतं.

वृंदा ताडकन उठली. अक्षरं राखाडी झाली, मग आणखी राखाडी. नाव अजूनही वाचता येत होतं.

"अगं बाई, किती छळतंय हे मेलं!" आजी स्क्रीनवर ओरडल्या. "एकदाचं जात का नाही? ज्या कुणी हे बनवलंय ना, त्याला आणून बसवा इथं!"

वृंदा मटकन खाली बसली.